‘फ्लॅट भाचीला दिला’ असं सांगू का?

प्रिय नौपाड्याच्या ताई,

तुमचं चार पानी पत्र मिळालं. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून त्यातलं थोडक्यात सांगते. घोडबंदर रोडला, कासारवडवलीत, नवव्या मजल्यावर तुमचा वन बीएचके आहे. आधीचे भाडेकरू मार्चअखेर सोडून गेले. गेल्या पावसाळ्यात सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा रात्रपाळीला जी नर्स होती तिला घर हवंय हे तुम्हाला कळलं आणि तुम्हीच तिला बोलावलंत. ती, तिचा नवरा आणि यंदा पहिलीत जाणारी मुलगी येऊन घर बघून गेले. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं. ही मंडळी मुंब्र्याला राहतात, मूळची रत्नागिरीकडची कोकणी मुसलमान. दोन दिवसांनी सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला, “मॅडम, आपल्या बिल्डिंगमध्ये आजवर त्यांच्यातलं कोणी नाही. लोक कुरकुर करतायत, तुम्ही समजून घ्या.” तुमचे मिस्टर म्हणाले, कशाला नसती भानगड, फ्लॅट भाचीला दिला म्हणून कळवून टाक. आणि तुम्ही मला विचारताय, तिचं मन न दुखावता हे कसं कळवू?

चार दिवस झाले, तिच्या ‘ताई, करार कधी करायचा?’ या मेसेजला तुम्ही उत्तर दिलेलं नाही.

आधी उत्तर सांगते, मग बाकीचं बोलू. भाचीचं सांगू नका. तिचं मन न दुखावता हे सांगायची कुठलीही रीत नाही, कारण तिला कळणार आहे. तिच्यासारखं नाव असलेल्या, घर शोधणाऱ्या माणसाकडे अशा वाक्यांचा साठा असतो: ‘आत्ताच टोकन आलं हो.’ ‘मुलाचं लग्न ठरलंय, आम्हालाच लागणार.’ ‘मालक दुबईला आहेत, विचारून सांगतो.’ खरं कारण कोणी बोलत नाही, सगळे गोडच बोलतात. म्हणून तिला भांडताही येत नाही. कुणाशी भांडणार? सगळ्यांच्याच भाच्या आल्यात.

मी हे ठामपणे सांगतेय, कारण असं एक वाक्य मी स्वतः बोललेय. १९९३ चा जून. मुंबईतल्या दंगलींना जेमतेम पाच महिने झाले होते. आमची ठाण्यात स्टेशनजवळ एक जादा खोली होती. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण भायखळ्याहून हलायचं म्हणत होती. मुलाच्या शाळेचं वर्ष सुरू व्हायच्या आत तिला घर हवं होतं. मी हो म्हटलं होतं. घरी वडील आणि चाळीतले दोन शेजारी नको म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, “अगं, गावाहून माझा भाऊ येतोय राहायला.” तिने पर्समधून एक चिठ्ठी काढलेली होती, आमचा पत्ता लिहून घ्यायला. ती चिठ्ठी तिने चार घड्या करून परत आत ठेवली आणि म्हणाली, “बरं झालं गं, तुला सोबत होईल.” मला भाऊ नाही, हे तिला माहीत होतं. राखीपौर्णिमेला मी दरवर्षी तिच्यासमोरच आतेभावाकडे जायचे.

ती पुढे मुंब्र्याला गेली. बत्तीस वर्षं होऊन गेली, पण त्या चिठ्ठीच्या घड्या माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

तुम्ही पत्रात लिहिलंय, ‘एका घराने काय फरक पडतो, त्यांना दुसरं मिळेल की.’ या वाक्यापाशी मला जरा थांबायचंय. तुम्ही ते वाईट हेतूने लिहिलेलं नाही, हे मला दिसतंय. पण मुंब्रा आजचं मुंब्रा कसं झालं, ते आठवून बघा. पारसिकच्या डोंगराच्या आणि खाडीच्या मधलं ते लहानसं गाव. १९९२-९३ नंतर मुंबईतली हजारो मुस्लिम कुटुंबं तिकडे आली. काही भीतीने आली, काही स्वस्त म्हणून आली, आणि पुष्कळ जण आले ते दुसरीकडे कोणी घर देईना म्हणून. लोकल दोन स्टेशनांवर ठाण्याला येते, महापालिका तुमचीआमचीच. पण माणसं ज्या वेगाने आली त्या वेगाने ना पाणी आलं, ना शाळा, ना दवाखाने. आल्या त्या इमारती, त्यातल्या कित्येक बिनपरवान्याच्या.

बिनपरवान्याच्या इमारतीत घर घेतलं की पुढे काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमचा फ्लॅट कर्ज काढून घेतलेला आहे, हप्ते कसे फेडलेत ते तुम्ही लिहिलंय. आता असा विचार करा, की कागदपत्रंच नसल्यामुळे बँकेने तुम्हाला कर्जच दिलं नसतं. मग सोनं मोडून, नातेवाइकांकडून हातउसने घेऊन रोख पैसे भरले असते. ते घर वीस वर्षांनी विकायला काढलं असतं, तर घेणाऱ्यालाही कर्ज मिळालं नसतं, म्हणजे भाव पडेलच. मुलीच्या शिक्षणासाठी ते गहाण ठेवता आलं नसतं. पालिकेची नोटीस कधी येईल याचा घोर वेगळाच. आणि हे सगळं इमारत उभी राहिली तर. ४ एप्रिल २०१३ ला शीळ फाट्याजवळ बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली, त्यात ७४ माणसं गेली. काम पुरं व्हायच्या आधीच खालच्या मजल्यांवर लोक राहायला आले होते. सुरक्षित घर परवडत असताना, मिळत असताना, कोण असं राहायला जातं?

तुमच्या फ्लॅटला नाव मिळालं, कर्ज मिळालं, दर वाढला, आणि आज त्याच्या भाड्यावर तुमच्या मिस्टरांच्या पेन्शनला हातभार लागतो. घर नाकारलं जातं तेव्हा माणसाचं हे सगळंच नाकारलं जातं, आणि त्याची भरपाई पुढची पिढीही करत बसते.

हे केवळ मुंब्र्याचं नाही. देशभरातल्या १५ लाख वस्त्यांची आकडेवारी घेऊन काही अर्थतज्ज्ञांनी अलीकडे अभ्यास केला. मुस्लिम आणि अनुसूचित जातींच्या वस्त्या आपल्याकडे बाकीच्यांपासून किती वेगळ्या पडल्यात हे त्यांनी मोजलं. हे वेगळेपण अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्या वस्त्यांपेक्षा थोडंसंच कमी निघालं. एकाच शहरात, एकाच पालिकेच्या हद्दीत, या वस्त्यांच्या वाट्याला सरकारी शाळा, दवाखाने, नळ, गटारं कमी आलेली दिसली. शहराची सरासरी काढली की हा फरक दिसेनासा होतो. गल्लीत उतरलं की दिसतो.

अमेरिकेचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगते. तिथे १९३० च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे केले आणि काळ्या लोकांच्या वस्त्यांभोवती लाल रंग भरला. लाल भागात घरकर्ज देणं धोक्याचं मानलं गेलं. घरांच्या बाबतीतला हा भेदभाव १९६८ च्या कायद्याने बेकायदा ठरला. त्यानंतर पन्नासएक वर्षांनी, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०८ शहरांतल्या उन्हाळ्याचं तापमान तपासलं. जुने लाल भाग त्याच शहरातल्या इतर भागांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअसने जास्त तापतात असं निघालं. तिथे झाडं कमी, बागा कमी, डांबर आणि काँक्रीट जास्त. नकाशा काढणारे केव्हाच गेले, ऊन मात्र अजून त्या रेघेप्रमाणे पडतंय. ठाण्याचा असा नकाशा कोणी काढलेला नाही. आपल्याकडे तो सेक्रेटरींच्या फोनवर, ब्रोकरच्या ‘पूर्ण नाव काय?’ मध्ये, आणि माझ्या नसलेल्या भावात काढला जातो.

‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न आपल्या बौद्ध बांधवांना विचारा, किती वेळा ऐकलाय. आडनाव ऐकून आवाज बदलणारे ब्रोकर ठाण्यातही आहेत, वाशी-नेरुळलाही आहेत. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत मुद्दाम वेगवेगळ्या आडनावांनी घरमालकांना फोन केले होते. २०१५ मध्ये ते निष्कर्ष छापून आले. सवर्ण आडनावाच्या एकालाही फोनवर नकार आला नाही. दलित नावांना साधारण १८ टक्के, मुस्लिम नावांना ३१ टक्के वेळा सरळ नकार. ज्यांना होकार आला त्यांच्यातही अनेकांना अटी घातल्या.

शिक्षण, पगार, चांगली नोकरी असली की हे टळतं, असं आपल्याला वाटतं. बाबासाहेब १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी नाव घेऊन ते पारशांच्या धर्मशाळेत राहिले. ते कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले. त्या दिवशी ते एका बागेत झाडाखाली बसून रडले, आणि नोकरी सोडून मुंबईला परत आले. पदवी, पगार सगळं होतं. बडोद्याने केवढा माणूस गमावला, तोही एका खोलीपायी.

आणि ताई, तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. लग्नानंतर मुलुंडला घर बघायला गेलात तेव्हा एका इमारतीत विचारलं होतं, ‘मासे खाता ना? मग नको.’ तुम्ही ती ओळ सहज लिहून पुढे गेलात. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडलाच एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, तेव्हा आपण सगळे किती पेटलो होतो. बरोबरच होतं ते. तुमच्या त्या नर्सला तसंच पेटायचा हक्क आहे, फक्त तिचा व्हिडिओ फिरणार नाही. तुमच्या सासूबाईंची पाठ फिरवून देताना ती ‘आजी, जरा धर गो माका’ म्हणायची असं तुम्हीच लिहिलंय. दोघीही बोंबील खाणाऱ्या, दोघी कोकणातल्या.

आता व्यवहाराचं बोलू, कारण सेक्रेटरींशी तुम्हालाच बोलायचंय.

आपला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांत, तसं स्पष्ट आहे. तुमच्या सोसायटीची उपविधींची प्रत मागून घ्या आणि ते कलम स्वतः वाचा. तुम्ही आठ दिवस आधी लेखी कळवायचं, नोंदणी केलेल्या लीव्ह अँड लायसन्स कराराची प्रत द्यायची, आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती भरल्याची पावती जोडायची. मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं बिनवापर शुल्क सोसायटी घेऊ शकते, पण सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. ‘त्यांच्यातलं’ कोणी नको असा ठराव सभेत केला तरी उपविधींच्या विरोधात जाणारा ठराव टिकणार नाही. भाडेकरू आल्यावर लिफ्ट, पाणी, पार्किंग, इंटरकॉम यांवरून त्रास दिला तर उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे लेखी तक्रार करता येते.

कायद्याची दुसरी बाजूही तुम्हाला माहीत असलेली बरी. खासगी मालकाला धर्म किंवा जात बघून घर नाकारण्यापासून रोखणारा सर्वंकष कायदा आपल्याकडे नाही. अस्पृश्यतेवरून कुठल्याही वस्तीत राहू न देणं हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, पण ‘आत्ताच टोकन आलं’ या वाक्यामागचं कारण कोर्टात सिद्ध कसं करायचं? सर्वोच्च न्यायालयाने तर २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, फक्त आपल्याच समाजाला सभासद करण्याचा उपविधी मान्य केला. मुस्लिम समाजाच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोग नेमायची शिफारस केली होती, तो आयोग काही आला नाही. तेव्हा तुमच्या नर्सच्या हातात धरायला फारसं काही नाही. तुमच्या हातात मात्र आहे. फ्लॅट तुमचा, सही तुमची, आणि तुमच्या सोसायटीत पंजाबी, तमिळ, गुजराती, मराठी सगळे राहतात असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे एका समाजापुरतं सभासदत्व ठेवणारा उपविधी तिथे नाही.

सेक्रेटरींना फोन करू नका. फोनवर माणूस ‘तुम्ही समजून घ्या’ म्हणतो आणि आपण समजून घेतो. त्यांना साधं पत्र द्या, पोच घ्या. ‘माझा फ्लॅट अमुक तारखेपासून अमुक कुटुंबाला भाड्याने देत आहे, करार आणि पोलिसांची पावती सोबत जोडली आहे.’ बस्स. आक्षेप असेल तर कारणासह लेखी द्यावा असंही खाली लिहा. मला नाही वाटत कोणी लिहून देईल. असं कारण कागदावर आपल्या सहीनिशी लिहायला हात कचरतो.

मिस्टरांना भाव पडेल याची भीती वाटते. हीच भीती अमेरिकेतल्या दलालांनी मुद्दाम पसरवली होती. एक काळं कुटुंब गल्लीत आलं की ते गोऱ्यांच्या दारोदार जाऊन ‘आता भाव कोसळणार’ म्हणून सांगायचे, घाबरलेल्यांची घरं स्वस्तात घ्यायचे आणि तीच काळ्या कुटुंबांना चढ्या दराने विकायचे. भीतीचं भाडं कुणीतरी खातंच. तुमच्या बिल्डिंगमध्ये एक नर्स, तिचा अकाउंट्समधला नवरा आणि पहिलीतली मुलगी राहायला आली म्हणून कासारवडवलीचे दर पडणार नाहीत, हे मिस्टरांनाही आत कुठेतरी ठाऊक असणार. त्यांना खरी काळजी आहे ती लिफ्टमधल्या नजरांची. ती मी हलकी मानत नाही. तुम्ही नौपाड्यात राहता, तिकडे महिन्यातून एकदा जाता, तेवढ्यातही ती बोचेल. त्या बाईला रोज बोचेल.

म्हणूनच एक गोष्ट तुमच्या मनानेच ठरवून टाकू नका. तिला आज फोन करा, मेसेज नको. चार दिवस उत्तर दिलं नाही याची माफी मागा. मग जे घडलं ते सांगा: सोसायटीतल्या काहींनी नाराजी कळवलीय, मी तुम्हालाच घर देणार आहे, यायचं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा. ती कदाचित नको म्हणेल. लहान मुलगी बरोबर आहे, रात्रपाळीला आई घरी नसते, बापाला एकट्याला दारावरची बेल ऐकावी लागेल, हा हिशेब तिने याआधी अनेकदा मांडला असणार. नको म्हणाली तर ते तिचं म्हणणं असेल, तुम्ही रचलेलं नाही. हो म्हणाली तर अकरा महिन्यांचा करार करू नका, तीन वर्षांचा करा. शाळा दरवर्षी बदलावी लागू नये एवढं तरी आपण त्या पोरीला देऊ शकतो. सध्या तिची आई नाइट संपवून सकाळी आठला सुटते, बस धरून ठाणे स्टेशन, तिथून लोकलने मुंब्रा, आणि घरी पोचेपर्यंत मुलगी शाळेत गेलेली असते. तुमच्या फ्लॅटवरून हॉस्पिटल चालत वीस मिनिटांवर आहे. मुलीची वेणी आईच्या हातून घातली जाईल.

ती आली तर चावी देऊन मोकळ्या होऊ नका. पहिल्या रविवारी जा. नवव्या मजल्यावरच्या ज्या कुलकर्णी वहिनी तुमच्याकडे हळदीकुंकवाला येतात, त्यांच्या दारावर तुम्ही स्वतः तिला घेऊन जा आणि ओळख करून द्या. बिल्डिंगमध्ये एक दार उघडं असलं की बाकीची कुजबुज झेलता येते. कुरकुर करणारे बहुतेक जण खरं तर दोघं-तिघंच असतात, बाकीचे गप्प असतात, आणि त्या गप्प बसलेल्यांना कोणीतरी आधी बोलायची वाट असते. १९९३ मध्ये चाळीतले पाच जण माझ्या बाजूने उभे राहिले असते असं मला नंतर कळलं. मी त्यांना विचारलंच नव्हतं.

माझी ती मैत्रीण मला दहा वर्षांनी ठाणे स्टेशनच्या पुलावर भेटली. हसली, आईची चौकशी केली. मुलगा कसा आहे विचारलं तर म्हणाली, शाळेसाठी रोज पहाटेची गाडी धरायचा, दहावीनंतर कंटाळून सोडलंन. मला तिची माफी मागायची होती. गर्दी आली, आणि ती निघून गेली. तिचा पत्ता माझ्याकडे नाही. तुमच्याकडे त्या नर्सचा नंबर आहे.

आणि हो, घर बघायला आली तेव्हा तिने स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला आणि ‘ताई, हा गळतोय’ म्हणाली, असं तुम्ही लिहिलंय. करार व्हायच्या आत प्लंबर पाठवून तो बदलून घ्या.

तुमची,
सदरलेखिका